टेरिटोरियल आर्मीचा युद्धात खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की कायमचं सैन्य एवढं मोठं असताना टेरिटोरियल आर्मी म्हणजे टीए, आपापला कामधंदा करणाऱ्या आणि गरज पडली की बोलवायच्या माणसांची फौज, कशाला पाहिजे. मी कोल्हापूरचा, इथं टेंबलाईला मराठा लाईट इन्फंट्रीची १०९ टीए बटालियन आहे, त्यामुळं भरती आणि त्यातली माणसं दोन्ही जवळनं बघितल्यात.

लढाई लागली की पूल, दारूगोळ्याचे डेपो, रेल्वे हे सगळं राखायला कुणीतरी लागतंच, आणि तिथं रेग्युलर पलटण अडकून पडली तर पुढं जाणार कोण? ती कामं टीएनं उचलली की पलटण मोकळी होते, मूळ हिशोब हाच. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तर वेगळ्या युनिट आहेत, म्हणजे ज्याला त्या कामातलं कळतं तोच वर्दी घालून ते चालू ठेवतो. पण म्हणून टीए म्हणजे नुसते वॉचमन असं कृपा करून समजू नका. १९६२, ६५, ७१ तिन्ही युद्धांत टीए होती, काश्मीरमध्ये तिथल्याच पोरांच्या टीए बटालियन आहेत कारण तिथला डोंगर नि माणूस त्यांच्याएवढा बाहेरच्याला कळत नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला तेव्हा तर सरकारनं लष्करप्रमुखांना गरजेप्रमाणं टीए बोलवायचा अधिकार दिला, आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनात करायची परवानगी पण दिली. उपयोग नसता तर असल्या वेळी त्यांची आठवण कशाला झाली असती?

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. भरतीच्या आदल्या रात्री सोलापूर, बेळगाव कुठनं कुठनं आलेली पोरं स्टेशनबाहेर पेपर अंथरून, बूट उशाला घेऊन झोपलेली असतात, पहाटे उठून रनिंग मारायचं असतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ही पर्मनंट सरकारी नोकरी आहे. तसं नाही ओ! आपला कामधंदा सांभाळून वर्षातनं साधारण दोन महिने ट्रेनिंग करायचं आणि सरकारनं बोलवलं की जायचं, असं ते आहे. बोलवल्यावर पगार, रेशन, कॅन्टीन रेग्युलर जवानासारखंच, पण जवानाला पेन्शन पाहिजे तर अशी बोलावलेली सर्व्हिस १५ वर्षं भरावी लागते. घरात आधी हे नीट बोला, मगच भरतीला या.