ऑनलाइन जाहिरात देऊन जुनी मोटार विकताना फसवणूक कशी ओळखावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, २०१५ सालची मोटार विकण्यासाठी तुम्ही ऑनलाइन जाहिरात दिली, तासाभरात स्वतःला लष्करातील सुभेदार म्हणवणाऱ्या एका गृहस्थाचा फोन आला, त्याने गाडी न पाहताच तुम्ही सांगितलेली किंमत मान्य केली, बयाण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला आणि आता 'हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील' असे तो सांगत आहे. तर हा व्यवहार खरा समजावा का? समजू नये. तो कोड स्कॅन करू नका आणि त्या क्रमांकाशी पुढे बोलूही नका. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझी जुनी वॅगन आर अशीच जाहिरात देऊन विकली आणि त्या तीन आठवड्यांत फसवणुकीचे निदान चार प्रकार माझ्या दारापर्यंत येऊन गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. दुसऱ्याने पाठवलेला कोड आपण स्कॅन केला आणि पिन टाकला, तर पैसे आपल्याच खात्यातून जातात. पूर्वी हे लोक कोडाऐवजी 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे आपल्याकडून पैसे मागणारी विनंती, पाठवत असत. व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआर कोडचा मार्ग उघडाच आहे, आणि समोरचा माणूस आधी पाच रुपये खरोखर पाठवून 'पाहा, आले की नाही?' असे विचारतो तेव्हा भलेभले लोक पुढच्या वीस हजारांच्या कोडावर पिन टाकून मोकळे होतात. फौजीचे सोंग घेण्यामागेही हिशेब असतो. गणवेशाविषयी आपल्या मनात आदर असतो, बदली झाल्यामुळे प्रत्यक्ष येता येत नाही हे कारण पटते, आणि ओळखपत्राचा व कॅन्टीन कार्डाचा फोटो पाहिल्यावर आणखी काही मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. ते फोटो बहुधा आधी फसवलेल्या एखाद्या खऱ्या जवानाचे असतात. माझ्या मते ओळखपत्र तपासत बसण्यापेक्षा एकच गोष्ट पाहावी: जुनी गाडी घेणारा खरा माणूस ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन येतो, बॉनेट उघडतो, टायरवर हात फिरवतो, 'मायलेज किती देते' हे दोनदा विचारतो आणि शेवटी दहा-पंधरा हजार कमी करायला लावतो. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक आपल्याला सुखाचे वाटते, परंतु या धंद्यात शंका घेण्यासारखे तेच असते.

पैसे आल्याचा पुरावा म्हणून मोबाइलवर आलेला संदेश धरू नये. बँकेचा संदेश अक्षरांच्या संक्षिप्त नावाने येतो, दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. तरीही नावाकडे पाहत बसण्यापेक्षा स्वतः बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक पाहावी. समोरच्याच्या मोबाइलवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट यांना काहीच किंमत नाही, कारण हुबेहूब तसे दाखवणारी बनावट ॲप उपलब्ध आहेत. धनादेश असेल तर तो वटून रक्कम आपल्या खात्यात वापरण्याजोगी दिसेपर्यंत किल्ली देऊ नये. डिमांड ड्राफ्टविषयी आपल्याकडे अजून फार विश्वास आहे, पण ड्राफ्टही बनावट छापले जातात, म्हणून तो ज्या शाखेने दिला त्या शाखेचा क्रमांक स्वतः शोधून चौकशी करावी; ड्राफ्टसोबत खरेदीदाराने लिहून दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. शनिवारी संध्याकाळी ड्राफ्ट घेऊन येणाऱ्या आणि 'आजच मुहूर्त आहे' म्हणणाऱ्या माणसाला सोमवारचा मुहूर्त सुचवावा. रोख रकमेबाबत एक कायदेशीर अडचण पुष्कळांना ठाऊक नसते. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय नकली नोटांचा प्रश्न वेगळाच. मोठ्या रकमेसाठी आरटीजीएस, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवण्याची पद्धत, सर्वांत सोयीचे. ते २ लाखांपासून पुढच्या रकमेसाठी असते आणि डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असते, त्यामुळे 'आज बँक बंद आहे' ही सबब आता कोणाला देता येत नाही.

आता मी जिथे खरोखर फसता फसता वाचलो तो प्रकार सांगतो, कारण त्यात फोनवर कोणी एक रुपयाही मागत नाही आणि म्हणून तो ओळखू येत नाही. माझ्या गाडीची किंमत मी २ लाख ६० हजार ठेवली होती. एका सौम्य आवाजाच्या गृहस्थाने फोन करून थोडी घासाघीस केली, अडीच लाखांना सौदा ठरवला आणि म्हणाला, "गाडी मी माझ्या एका ओळखीच्या माणसाला देणार आहे. त्याचे माझ्याकडे काही पैसे आहेत, ते या गाडीतून फिटतील. तो उद्या सहकुटुंब गाडी पाहायला येईल; फक्त त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका, आमचा हिशेब वेगळा आहे." मला यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सासवडहून एक जोडपे आले. गृहस्थांनी गाडी नीट पाहिली, आरसी बुकावरचे माझे नाव वाचले, एक फेरी मारली आणि समाधानाने मान डोलावली. चहा घेताना त्यांच्या पत्नी माझ्या पत्नीला म्हणाल्या, "तुमच्या दिरांचा फोन सकाळपासून लागत नाही हो." माझी पत्नी म्हणाली, "मला दीरच नाहीत."

मग दोन्ही बाजूंनी उलगडा झाला. त्या सौम्य आवाजाने माझ्याच जाहिरातीतले फोटो उचलून त्याच गाडीची दुसरी जाहिरात १ लाख ७५ हजारांना टाकली होती. या जोडप्याला त्याने स्वतः माझा चुलतभाऊ असल्याचे सांगितले होते आणि 'दादांसमोर पैशाचे बोलू नका, घरात वाटणीवरून कुरबुर आहे' अशी तंबी दिली होती. गाडी अडवून ठेवण्यासाठी त्यांनी १० हजार रुपये आदल्या दिवशीच त्याच्या खात्यावर भरले होते आणि बाकीची रक्कम गाडी पसंत पडताच, म्हणजे माझ्याच अंगणात उभे राहून, ते पाठवणार होते. तसे झाले असते तर पैसे देऊन झालेला माणूस माझ्याकडे किल्ली मागत राहिला असता आणि एक पैसाही न मिळालेला मी ती नाकारत राहिलो असतो. दोघेही खरे, आणि दोघेही पोलीस चौकीत. त्या जोडप्याने माझ्या घरीच बसून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अशी तक्रार जितक्या लवकर जाते तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे आधी ओळखीच्या माणसांचा सल्ला घेत बसू नये. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, गाडी पाहायला आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी स्वतः विचाराव्यात: जाहिरात कुठे पाहिली, किंमत किती सांगितली गेली, आणि पैसे कोणाच्या नावावर जाणार आहेत. किमतीविषयी गप्प राहा असे सांगणारा मध्यस्थ, मग तो कितीही नात्यातला म्हणवो, बाजूला काढावा.

याच्याच जवळचा एक धोका म्हणजे पैसे पूर्ण येतात, पण भलत्याच्या खात्यातून येतात. 'माझ्या मित्राच्या खात्यातून पाठवतो' असे म्हणून पाठवलेली रक्कम दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेली असेल, तर मूळ पीडिताच्या तक्रारीवरून पोलिसांच्या सांगण्यानुसार तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम, काही वेळा संपूर्ण खातेच, गोठवले जाऊ शकते. तोपर्यंत गाडी गेलेली असते. ज्याच्या नावावर गाडी होणार, त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत. घरातल्या माणसाने पाठवलेच, तर नाते आणि ओळखपत्र विक्रीच्या कागदावर नमूद करावे. चुकून जास्त रक्कम आली असे सांगून फरक तिसऱ्याच क्रमांकावर परत मागणारा माणूस भेटल्यास काहीही परत न पाठवता बँकेला कळवावे.

जाहिरातीत नोंदणी क्रमांकाची पाटी झाकलेला फोटो द्यावा आणि आरसी, विमा किंवा आधार यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागणाऱ्याला ते प्रत्यक्ष भेटीत दाखवतो असे सांगावे. गाडीचा क्रमांक आणि तुमचा मोबाइल क्रमांक एकत्र मिळाले की 'तुमच्या वाहनावर चलन थकीत आहे' असा तुमच्या खऱ्या गाडी क्रमांकासह संदेश तयार होतो आणि त्यासोबत एपीके प्रकारची फाइल येते. ती फाइल उघडून ॲप बसवले, की मोबाइलवरचे ओटीपी परस्पर दुसऱ्याला दिसू लागतात. चलन पाहायचेच असेल तर परिवहन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावे. विकण्यापूर्वी ते पाहणे आवश्यकच आहे.

चाचणीसाठी गाडी देताना शेजारी स्वतः बसावे, आधी वाहन परवाना पाहून त्याचा फोटो घ्यावा आणि दोन जण आले असल्यास आपल्याही बाजूने दुसरे माणूस ठेवावे. आपली दुचाकी तारण म्हणून दाराशी ठेवून गेलेला माणूस परत येईलच असे नाही. ती दुचाकीही चोरीची असू शकते. दुसरी किल्ली घरातच राहू द्यावी.

कागदांविषयी मात्र मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण इथली फसवणूक वर्षा-दोन वर्षांनी कळते. आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणून जे ओळखले जातात ते नमुना २९ आणि नमुना ३०. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी ते लागतात. खरेदी-विक्रीचे एजंट या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी तुमच्याच नावावर फिरत राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी परराज्यात जाणार असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत असते. न कळवल्यास काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालात स्पष्ट आहे: गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली असतानाही नोंदणीवर ज्याचे नाव राहिले होते त्यालाच कायद्याच्या अर्थाने मालक धरून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकण्यात आली. म्हणून खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नये. गाडी व्यापाऱ्याला देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याला गाडी सोपवताना नमुना २९-सी परिवहन खात्याच्या 'वाहन' या पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. 'अहो, तेवढ्यासाठी कोण भरत बसतो' असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी गाडी दिली नाही. कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बँकेचा बोजा (हायपोथिकेशन, म्हणजेच 'एचपी') दिसत असेल तर तो आधी नमुना ३५ देऊन उतरवून घ्यावा. नाहीतर 'एचपी मी काढून घेतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा' असे म्हणणारे भेटतात. नाव बदलताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो हे खरे आहे, पण तो कोणत्या कामाचा आहे हे संदेशात लिहिलेले असते. ते पूर्ण वाचावे आणि माणूस समोर बसलेला असतानाच स्वतः टाकावा.

ताबा देताना मी एक साधी पावती केली होती: तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, मिळालेल्या रकमेचा व्यवहार क्रमांक, खरेदीदाराच्या परवान्याचा तपशील, दोन साक्षीदार, आणि या वेळेनंतरच्या चलनांची, अपघाताची व गुन्ह्याची जबाबदारी खरेदीदाराची राहील असे एक वाक्य. त्यात वेळ लिहिणे फार महत्त्वाचे, कारण चलनावर वेळ असते. नंतर दर आठवड्याला वाहन पोर्टलवर मालकाचे नाव पाहत राहिलो. पंचविसाव्या दिवशी ते बदलले. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसून आपला असतो, त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून घेतले की ते पुढच्या गाडीसाठी तीन वर्षांपर्यंत वापरता येते. एवढे सगळे लक्षात ठेवूनही फास्टॅग बंद करायला मी चार दिवस उशीर केला, आणि खेड-शिवापूर नाक्याचा जाता-येतानाचा टोल माझ्याच खात्यातून गेला.