आधी ‘कॅन्सल’ दाबा, मग बोलू (वाचकांचे प्रश्न : जुना आयपॉड)

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की घरात जुना आयपॉड (ॲपलचं गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र) असेल तर भंगारात देऊ नका, आणि त्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की या वेळी वायफाय आणि प्रिंटरवाले प्रश्न बाजूला ठेवलेत. त्या लोकांनी रागावू नये. पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर.

प्रश्न : २००५ साली माझे धाकटे दीर न्यू जर्सीहून आले तेव्हा ह्यांच्यासाठी पांढरा, रंगीत स्क्रीनचा ६० जीबीचा आयपॉड घेऊन आले होते. हे चार वर्षांपूर्वी गेले. परवा कपाट आवरताना तो सापडला. त्यात मुलीच्या बारशाचे फोटो होते हे मला पक्कं आठवतंय, कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला. आयपॉड चालूच होत नाहीये. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो कॉम्प्युटरला लावून बघू. देऊ का त्याला? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, अजून देऊ नका. आधी घरीच दोन गोष्टी बघा. वरच्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी, एक छोटी सरकपट्टी असते. ती सरकवल्यावर खाली नारिंगी रंग दिसत असेल तर आयपॉड ‘होल्ड’वर आहे, म्हणजे कुलूप लावलंय, कितीही बटणं दाबा तो ढिम्म. हसू नका, ‘बंद पडलाय’ म्हणून माझ्याकडे आलेल्या आयपॉडपैकी बऱ्याच जणांचा आजार एवढाच होता. नारिंगी झाकला जाईल असं सरकवा आणि चार्जिंगला लावा. केबल ती जुनी रुंद, ३० पिनांची लागते, आताची आयफोनची चालत नाही. इतकी वर्षं पडून राहिलेली बॅटरी लगेच काही दाखवत नाही, अर्धा तास स्क्रीन काळीच राहू शकते, धीर धरा. मग मेनू आणि मधलं बटण एकदम सात-आठ सेकंद दाबून ठेवलं की तो नव्याने सुरू होतो.

सुरू झाला की कानाला लावून बघा. आत खरीखुरी फिरणारी हार्डडिस्क आहे, १.८ इंचाची, बारीक घरघर येईल. घरघर चांगली. टक् टक् टक् असा ठोका येत असेल आणि स्क्रीनवर तोंड पाडलेल्या आयपॉडचं चित्र आलं तर डिस्क गेलीये, मग तो पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

आता दुकानदाराला का थांबवलं ते सांगतो. आयपॉड एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या लायब्ररीला, म्हणजे तिथल्या गाण्यांच्या साठ्याला, ओळखतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स (आयपॉडमध्ये गाणी घालायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) उघडलं की ते विचारतं, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीचा आहे, पुसून या लायब्ररीशी जुळवू का? आणि खाली बटण असतं ‘इरेज अँड सिंक’. २००८ साली माझ्या मावसभावाचा आयपॉड मी हौसेने माझ्या कॉम्प्युटरला लावला, ‘सिंक’ म्हणजे दोन्हीकडचं एकत्र होईल असं मला वाटलं, बटण दाबलं आणि चहा करायला गेलो. परत येईपर्यंत त्याची तीन हजार गाणी जाऊन माझी दोनशे आली होती. तो अजूनही लग्नकार्यात भेटला की तेच काढतो. तेव्हा तुम्हाला काहीही विचारलं तरी ‘कॅन्सल’. फोटोंसाठी तर ते वेगळं विचारतं की आधीचे फोटो काढून नवे घालू का, तिथेही कॅन्सल. आणि दीर अमेरिकेत मॅक वापरत असतील आणि त्यांनी त्यावरच तो भरून दिला असेल तर विंडोजला ती डिस्क वाचताच येत नाही, मग विंडोज म्हणतं ही डिस्क फॉरमॅट करायची का? कॅन्सल! आणि मॅकवाला कोणीतरी शोधा. विंडोजवर तयार केलेला मात्र मॅकवरही वाचता येतो.

सगळ्यात सोपं म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स नाहीच अशा कॉम्प्युटरला लावायचा. पेनड्राइव्हसारखा दिसतो. दिसला नाही तर मेनू आणि मधलं बटण दाबून रीस्टार्ट करा आणि सफरचंद आलं रे आलं की मधलं बटण आणि प्ले दाबून धरा, ‘डिस्क मोड’ येतो. आत ‘फोटोज’ नावाचा फोल्डर असेल, तो आधी पूर्ण कॉपी करून घ्या, गाणी नंतर. डिस्क वीस वर्षं जुनी आहे, ती किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, म्हणून बारसं आधी.

आता थोडं वाईट. फोटो घालताना ‘फुल रिझोल्यूशन’चा चौकोन टिक केला असेल तर त्या फोल्डरमध्ये ‘फुल रिझोल्यूशन’ नावाचाच फोल्डर सापडेल, वर्ष-महिना-तारीख लावलेला, आणि मूळ फोटो जसेच्या तसे. पण बहुतेक लोक तो चौकोन टिक करत नसत, जागा जाते म्हणून. मग आत फक्त ‘थम्ब्स’ असतात, आयटीएचएमबी नावाच्या फायली, त्या फोटो म्हणून उघडतच नाहीत. एका फाइलमध्ये शेकडो फोटो एकावर एक रचलेले असतात, एक संच छोट्या स्क्रीनचा (ती २२० बाय १७६ पिक्सेलची), एक आणखी बारीक, आणि एक टीव्हीसाठीचा ७२० बाय ४८० चा. हा शेवटचा संच तुमच्या कामाचा. या फायली फोडून साधे जेपेग करून देणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात, भाचा-पुतण्या कोणी कॉम्प्युटरवाला असेल त्याला सांगा. त्यातून निघणारा फोटो मोठा करून भिंतीवर लावण्यासारखा नसेल, पोस्टकार्डाएवढी प्रिंट मात्र बरी येते. तेवढं तर तेवढं.

आणि ६० जीबीचा, रंगीत, फोटोवाला हा आयपॉड ऑक्टोबर २००४ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ५९९ डॉलर होती, पुढच्या फेब्रुवारीत ४४९ झाली. दिरांनी तेव्हा चांगलाच खिसा हलका केला होता.

प्रश्न : आयपॉडमधली गाणी कॉपी केली पण सगळ्यांची नावं केएक्सक्यूआर, झेडपीएलएम अशी काहीतरी आलीत. व्हायरस आहे का? (एक वाचक, मिरज)

व्हायरस नाही हो काका. आयपॉड गाणी ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याच्या आत ‘म्युझिक’, त्याच्या आत एफ००, एफ०१ असे खण, आणि प्रत्येक गाण्याला मनाला येईल ते चार अक्षरी नाव देऊन कुठल्याही खणात टाकतो, कुठलं गाणं कुठे आहे याची वही तो स्वतःजवळ वेगळी ठेवतो. कॉपी करताना ती वही आली नाही एवढंच. पण गाण्याचं खरं नाव, गायक, अल्बम हे फाइलच्या पोटात टॅग म्हणून असतं. सगळ्या फायली उचलून कुठल्याही म्युझिक प्लेयरमध्ये टाका, नावं परत येतील. ज्यांची येणार नाहीत ती बहुतेक फुकट डाउनलोडवाली असतील, त्यांच्या टॅगमध्ये गायकाच्या जागी वेबसाइटचं नाव असतं, ती हाताने नीट करावी लागतील. काहींच्या शेवटी एमफोरपी दिसलं तर ती ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेली, कुलूपवाली गाणी, ज्या खात्यावरून घेतली ते खातं असल्याशिवाय वाजणार नाहीत. २००९ नंतर विकल्या गेलेल्या गाण्यांना हे कुलूप नाही. आपल्याकडे तसंही ते दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं, तोवर सगळा कारभार सीडी आणि मित्रांवरच.

प्रश्न : वडिलांनी गीतरामायण आयपॉडवर घालून मागितलं. घातलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तो परत दिला, म्हणाले तुझ्या या यंत्राला रामायण माहीत नाही. (एक वाचक, पुणे)

वडील बरोबर आहेत! ५६ गाणी आहेत आणि ती क्रमानेच ऐकायची. तुमच्या फायलींमध्ये ट्रॅक नंबर भरलेला नसणार, आणि नंबर नसला की यंत्र नावाच्या अक्षरांप्रमाणे लावतं, मग वनवास आधी आणि जन्म नंतर. सगळी गाणी एकाच अल्बमच्या नावाखाली आणा, १ ते ५६ नंबर घाला, कंटाळवाणं काम आहे, एका दुपारचं आहे. वडिलांना शेजारी बसवा, त्यांना क्रम पाठच असेल, पुस्तक उघडायची गरज पडणार नाही.

यातच आणखी एक सांगून ठेवतो, कारण वडील पुढे शास्त्रीय मागणार. सीडीवर विलंबित आणि द्रुत ही वेगवेगळी गाणी म्हणून असतात आणि शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) लावलं की द्रुत संपतं, मधे एखादी लावणी येते आणि मग दोन तासांनी त्याच रागाचं विलंबित सुरू होतं. आयट्यून्समध्ये अशा गाण्यांच्या ‘गेट इन्फो’त, ऑप्शन्सखाली, शफलमध्ये वगळा असा एक चौकोन आहे, तो टिक करा. शेजारीच जिथे थांबलो तिथूनच पुढे असाही एक आहे, पाऊण तासाच्या ख्यालाला आणि कीर्तनाला तो हवाच, नाहीतर मधे फोन आला की पुन्हा आलापापासून.

आणि ‘कंपोझर’ची रकाना रिकामी सोडू नका. इंग्रजी गाणी ऐकणारे ती बघतही नाहीत, पण आपण भावगीत ऐकताना पहिलं काय विचारतो, चाल कोणाची? तिथे फडके, खळे अशी नावं भरलीत तर मेनूत संगीतकारांची वेगळी यादी दिसते. माझ्या आयपॉडमध्ये मी गायकांच्या यादीत क्वचितच जातो.

प्रश्न : आयपॉडमधले फोटो टीव्हीवर दाखवायचा प्रयत्न केला. चित्र आलं ते काळंपांढरं आणि वर सरकत राहिलं. (एक वाचक, नाशिक)

अमेरिकेतून आलेला असणार. टीव्हीच्या सिग्नलच्या पद्धती वेगळ्या, तिकडची एनटीएससी, आपली पाल. फोटोज, मग स्लाइडशो सेटिंग्ज, त्यात ‘टीव्ही सिग्नल’ असतं, ते पालवर करा. आणि चित्र अजिबातच आलं नाही, नुसती खरखर आली, तर तुमची केबल साध्या कॅमकॉर्डरची आहे, तिच्यातल्या तारा वेगळ्या क्रमाने आहेत. लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घाला, पिवळी पांढऱ्यात आणि पांढरी लालमध्ये. रंगाला रंग जुळवायची सवय असलेल्या माणसाला हे करताना हात थरथरतो, पण काही जळत नाही. नव्या टीव्हीला ही तीन रंगांची भोकंच नसतात, तेव्हा आजीच्या खोलीतला जुना टीव्ही असेल तर तो.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास करताना गाणी लागतात पण फोन हातात घेतला की तासभर रील्स. सेकंडहॅंड आयपॉड घेऊ का? घरचे हसतात. (एक वाचक, कोल्हापूर)

घे की. हसू दे. फक्त तुला काय मिळणार नाही ते आधी ऐक : स्ट्रीमिंग नाही, ब्लूटूथ नाही, तुझे ते कानातले बिनवायरचे दाणे चालणार नाहीत, गाणी फाइल म्हणून जवळ असावी लागतील. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या) फायली वाजत नाहीत, ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घ्याव्या लागतील. हे चालणार असेल तर २००७ ते २०१४ मध्ये विकला गेलेला ‘आयपॉड क्लासिक’ बघ. ‘आयपॉड टच’ घेऊ नकोस, तो म्हणजे बिनसिमचा फोनच, त्यात तू परत तिथेच जाशील.

घेताना विकणाऱ्यासमोरच सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघड, जागा किती ते तिथे दिसतं, डब्यावर १६० जीबी आणि आत ८० असं होतं. चक्रावरून बोट फिरवून बघ, उडी मारतंय का. हेडफोनची पिन हलवून बघ, एका कानात आवाज जातो का. खूप जण आतली हार्डडिस्क काढून मेमरी कार्ड बसवून विकतात, ते वाईट नाही, उलट हलका होतो आणि पडला तरी डिस्क मरायची भीती नाही, पण काम कोणी केलंय ते विचार, कारण क्लासिकचं धातूचं कव्हर उघडताना कडा वाकतात आणि वाकलेल्या कडेवरून आतल्या कामाचा अंदाज येतो. आणि विकणाऱ्याने आत गाणी ठेवलेली असली तर लगेच पुसू नकोस. एकदा ऐकून घे. माझ्या एकामध्ये कोणाची तरी अख्खी सनई निघाली होती.

प्रश्न : आयपॉडचं मागचं कव्हर एका बाजूने उचललंय, स्क्रीनवर पांढरा डाग आलाय. दाबून बसवू का? (एक वाचक, मडगाव)

नाही!! बॅटरी फुगलीये. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, गादीवर उशीखाली ठेवू नका. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या, नवी बसते. जुनी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

प्रश्न : आईला सकाळी आकाशवाणी लागते. आयपॉडवर लागेल का? (एक वाचक, सोलापूर)

मोठ्या आयपॉडमध्ये रेडिओ नाही. २००९ च्या छोट्या ‘आयपॉड नॅनो’मध्ये एफएम आहे, पण हेडफोनची वायर हीच त्याची एरियल, म्हणजे आईला कानात घालूनच पोळ्या लाटाव्या लागतील. आणि मीडियम वेव्हवरचं केंद्र हवं असेल तर तेही नाही. रेडिओच घेऊन द्या ना त्यांना, गोल बटणाचा.