२०१८ ची ब्रेझा डिझेल एएमटी घ्यावी की २०२१ ची नेक्सॉन डिझेल एएमटी? जुनी गाडी बघताना काय तपासू?

तुमच्या प्रश्नातलं जे महत्त्वाचं वाटलं ते असं: रोज वाकडहून हिंजवडी, महिन्यातून एक-दोनदा चिपळूण, आणि वडीलही गाडी चालवणार, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून क्लचचं पेडल नको, म्हणजे एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं असा गिअरबॉक्स). माझं मत आधीच सांगून टाकतो. या वापराला ब्रेझा घ्या, पण तिचा क्लच तपासणीत पास झाला तरच.

डीलर तुम्हाला किलोमीटरचा आकडा दाखवेल. "साहेब, फक्त चाळीस हजार चाललीये." एएमटीत हा आकडा दुय्यम आहे. चाळीस हजार भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रांगत काढलेले असतील तर क्लचचं आयुष्य बरंचसं संपलेलं असू शकतं, आणि लाखभर किलोमीटर पुणे-कोल्हापूर हायवेवर झालेली गाडी अजून ठणठणीत असू शकते. आधीचा मालक राहायला कुठे होता आणि ऑफिस कुठे होतं, हे आरसी आणि सर्व्हिस बिलांवरून काढा. बिलांवरच्या तारखा आणि किलोमीटर जुळवले की वापर कसा होता ते बऱ्यापैकी कळतं.

एएमटीबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तेच रिलीज बेअरिंग. फरक इतकाच की क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं. मारुतीच्या एजीएसमध्ये (मारुती एएमटीला हेच नाव देते) त्यासाठी हायड्रॉलिक युनिट असतं: छोटा इलेक्ट्रिक पंप, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर, काही सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. गिअरबॉक्स सहसा त्रास देत नाही. क्लच झिजतो, तो मॅन्युअलमध्येही झिजतोच. खरी महागात पडणारी वस्तू म्हणजे ते हायड्रॉलिक युनिट. म्हणून तपासणीचा जोर या दोन गोष्टींवर ठेवा.

गाडी बघायला सकाळी जा आणि फोनवरच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, लाजू नका. मग ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि गप्प उभे राहा. पुढून घर्रर्र असा बारीक आवाज येईल आणि काही सेकंदांत थांबेल. तो पंप प्रेशर भरतोय, घाबरायचं कारण नाही. आता आत बसून इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, गिअरला हात लावू नका. पंप एकदा चालून शांत झाला तर उत्तम. काहीही न करता थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा घरघरत असेल तर प्रेशर टिकत नाहीये. अ‍ॅक्युम्युलेटर थकलेला असेल किंवा कुठेतरी गळती असेल. ही खूण मिळाली तर पुढची बोलणी वेगळ्याच भावाने करायची, नाहीतर सरळ निघायचं.

नंतर सपाट रस्त्यावर डी (ड्राइव्ह) टाकून ब्रेक सोडा. गाडीने हळूच पुढे सरकायला हवं. थरथरत, धक्के देत निघाली तर क्लच तापून खराब झालाय असं समजा. गिअर बदलताना मान थोडी डोलते, तो एएमटीचा स्वभावच आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलला की तेही कमी होतं. थोडं सरावल्यानंतर वडिलांना जमेल.

सगळ्यात मोठी परीक्षा चढावर. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प शोधा, चार माणसं बसवा आणि रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवा. जळका वास आला, गाडी ताणून धरल्यासारखी वाटली, तर उत्तर मिळालं. मग जुन्या कात्रज घाटात न्या. एम मोडमध्ये (गिअर आपण हाताने निवडायचा) तिसरा गिअर, दोन हजारांच्या आसपास आरपीएम, आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा, अगदी तळाला नाही, नाहीतर ती स्वतःच खालचा गिअर टाकेल. गिअर तोच राहून आरपीएमचा काटा चढला आणि वेग मात्र तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. डीलर घाटात न्यायला नाही म्हणाला तर वेळ वाया घालवू नका.

क्लच आधीच बदललाय असं सांगितलं तर बिल मागा. एएमटीत नुसती प्लेट बदलून भागत नाही, स्कॅनर लावून टीसीयूला नव्या क्लचचं लर्निंग करून द्यावं लागतं. ते न करता बसवलेला नवा क्लचही गचके देतो आणि लवकर जातो. तुम्हीही पैसे देण्याआधी टीसीयूचा स्कॅन करून घ्या, साठवलेले फॉल्ट कोड बघा. बॅटरी नुकतीच काढली-लावली असेल तर विचारा का काढली होती.

आता डिझेलचं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला आणि त्याच वेळी मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे २०१८ ची ब्रेझा आधीच्या बीएस४ नियमाची आहे, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. २०२१ च्या नेक्सॉनला आहे. डीपीएफमध्ये साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, मोकळ्या रस्त्यावर पळवावी लागते. तुमचं रोजचं अंतर थोडं आणि तेही ट्रॅफिकमध्ये. एखाद्या महिन्यात चिपळूणची फेरी चुकली तर डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागू शकतो. त्या वेळी कुणी दिवा बघून दुर्लक्ष केलं तर खर्च वाढत जातो. तुम्ही कराल असं नाही, पण घरात दोघं-तिघं चालवणार असतील तर असं होतं.

नेक्सॉन गाडी म्हणून कमी नाही हेही सांगतो. १.५ लिटर, ११० पीएस, सहा गिअर. ब्रेझा १.३ लिटर, ९० पीएस, पाच गिअर, आणि दोन हजार आरपीएमच्या खाली ती सुस्तच. कुंभार्ली घाटात हा फरक जाणवेल. दर आठवड्याला हायवेला जाणार असता तर मी नेक्सॉन म्हणालो असतो. ब्रेझातलं फियाटचं १.३ इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे कुठलाही मेकॅनिक ते ओळखतो. फक्त थंड इंजिन चालू करताना पुढून साखळीचा खडखडाट येतो का ऐका. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत टायमिंग चेन सैल होते.

घेतल्यावर क्लच टिकवायचा असेल तर चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. लांब सिग्नलला एन (न्यूट्रल) टाका. घाट उतरताना एम मोडमध्ये दुसरा-तिसरा ठेवा. या एएमटींना पी (पार्किंगचा गिअर) नसतो, त्यामुळे उतारावर लावताना गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, हे वडिलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

कागदांचं थोडक्यात: ई-चलन थकलेलं नाही ना, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का, हे बघा. ब्रेझा १ एप्रिल २०१९ आधीची असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवली आहे का तेही बघा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तरी एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणी मिळून फायदा किती उरतो ते कागदावर मांडा. क्लच सेटचा आणि मजुरीचा भाव आधीच काढून ठेवा आणि तो धरूनच किंमत बोला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन ट्रान्स्फरची पावती हातात येईपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवा.