'वय गेलं' म्हणून गोवरचा दुसरा डोस सोडू नका

ताई, मुलगा सव्वातीन वर्षांचा, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय आणि केंद्रावर "आता वय गेलं" म्हणाले, हे तुमचं वाचून पोटात गोळा आला. हेच शब्द मी ऐकलेत, कोल्हापुरातच. केंद्राचं नाव घेत नाही.

वय गेलेलं नाही. डोस १६ ते २४ महिन्यांत घ्यायचा, पण राहिला तर ५ वर्षांपर्यंत सरकारीत फुकट देतात, आधीचा परत घ्यावा लागत नाही. त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहिला असेल तर तोही विचारा, ७ वर्षांपर्यंत चालतो.

माझ्या लेकीला सर्दी होती म्हणून आम्ही दोनदा पुढं ढकललं, साध्या सर्दीत लस चालते हे ठाऊकच नव्हतं. मग गेलो तर टेबलावरच्यांनी रजिस्टरमधून मान वर न करता सांगितलं, "वय गेलं, एक झालाय न्हवं, बास की." आणि मी गुमान परत आलो, दुसरीकडं विचारलंच नाही, माझी सगळ्यात मोठी चूक ती. चार महिन्यांनी ताप, डोळे लालभडक, मग कानामागनं पुरळ सुरू झालं ते अंगभर. पडदे ओढले तरी उजेडानं रडायची, तोंड आलेलं, पेजेचा एक चमचा गिळेना. पुढं न्यूमोनिया, आठ दिवस ॲडमिट. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की पहिला डोस सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, दुसरा त्यासाठीच असतो. एवढं वाक्य त्या टेबलावर कुणी बोललं असतं तर! अजून राग जात नाही.

आशाताईंना विचारून लसीकरणाच्या दिवशीच जा. गोवर-रुबेलाची बाटली फोडली की ४ तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या पोरासाठी फोडायला कुरकुर करतात. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, २०१९ च्या पुरात आमच्या शेजाऱ्यांची कार्डं गेली ती गेलीच.

आणि लस म्हणजे फक्त बाळांची असं आपल्याकडं लई जण धरून चालतात. १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा डोस असतो, गरोदरपणात असतो, मोठ्यांनीही दर १० वर्षांनी घ्यावा असं म्हणतात. घरात शुगरवाले म्हातारे असतील तर दरवर्षीच्या फ्लूच्या लसीचं डॉक्टरांना विचारा.

मी डॉक्टर नाही, मुलाला आधी कुठल्या लसीची जोरात रिॲक्शन आली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच जा. पण या आठवड्यात जा, आणि परत नाही म्हणाले तर तिथल्या मेडिकल ऑफिसरला भेटल्याशिवाय उठू नका.