'टक्' होतं, दिवे लख्ख, पण सेल्फ फिरत नाही

भाऊ, तुमची गाडी कधीकधी बटण दाबूनही सुरू होत नाही, सेल्फ (इंजिनला पहिला फिरका देणारी मोटर) फिरतच नाही, हे वाचून माझा जुना ताप आठवला. बटण दाबलं की नुसतं 'टक्', डॅशबोर्ड झगझगीत, थोडं थांबलं की तीच गाडी पहिल्या दणक्यात सुरू. वर सर्व्हिसवाल्यांचं ठरलेलं वाक्य: 'स्कॅनरमध्ये काही नाही सर.' ब्रेकचा स्विच, किल्लीतला सेल, न्यूट्रलमध्ये टाकून बघणं हे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

स्कॅनरमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) येणार तरी काय? सेल्फच्या जाड केबलचा जोड सैल झाला तर बरेचदा कोड पडतच नाही. माझ्या गाडीत इंजिनहून चेसिसला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) गंज होता, बस. पण एका सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ, मग रिले (सेल्फला करंट सोडणारा छोटा विजेचा स्विच). गाडी बंद पडायची मे महिन्याच्या भर दुपारी, नागपूरच्या बर्डीवरून तापून आल्यावर. हे लोक तपासायचे दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडमध्ये, थंड इंजिनवर. सुरू झाली की 'ओके टेस्टेड', बिल हातात. 'दुपारी फिरवा, मग गरम असतानाच बघा' हे जॉब कार्डवर लिहायला लावलं, तरी तेच. बदललेला सेल्फ परत मागितला तर म्हणे कंपनीत गेला. अजूनही डोकं फिरतं!

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने साध्या मल्टिमीटरवर पकडलं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक. दोन-तीन व्होल्ट दिसले की चोर तिथेच. मात्र गाडी अडलेली असतानाच मोजा, सुरू होत असताना मोजून उपयोग नाही. आणि अडलेली असूनही आकडा शून्याजवळच राहिला, तर अर्थिंगला दोष देऊ नका, करंटच निघत नाहीये. मग रिले, सेल्फ किंवा पॉझिटिव्हची केबल बघा.

मीटर नसेल तर जम्पर केबलने निगेटिव्ह खांब थेट इंजिनच्या धातूला जोडा (पट्टा आणि पंख्यापासून लांब) आणि बटण दाबा. लगेच उठली तर उत्तर मिळालं.

'टक्' होताना हेडलाइट पार मंदावत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा खरंच बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात हे खरंय, पण म्हणून प्रत्येक आजाराला नवी बॅटरी हे औषध नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी गळ्यात मारून घेऊ नका, तिला ईएफबी किंवा एजीएमच (वारंवार बंद-चालू झेलणाऱ्या खास बॅटऱ्या) लागते.

मी काही मेकॅनिक नाही. गाडी हायब्रिड असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका. वॉरंटी चालू असेल तर नटाला पाना लावण्याआधी अडलेल्या गाडीचा व्हिडिओ काढा, 'टक्' आणि दिवे दोन्ही येऊ द्या. बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांनी वायर कुरतडल्यात का तेही बघून घ्या, झाडाखाली गाडी लावत असाल तर नक्कीच.