मोटर थांबते, हात झुलतो

पॅकिंग आणि पिक-अँड-प्लेस (माल उचलून ठेवणाऱ्या) मशीनच्या थरथरीबद्दल पुन्हा तेच प्रश्न आलेत. म्हणून एकत्र उत्तरं.

प्र. मशीनखाली रबरी पॅड टाकले तर?

उ. जमिनीला हादरा कमी पोचेल. हात तितकाच थरथरेल.

प्र. डीलर म्हणतो, एक साइझ मोठी मोटर घ्या.

उ. म्हणणारच. आधी कपलिंगचे स्क्रू, बेल्टचा ताण आणि गिअरबॉक्सचा बॅकलॅश (दात्यांमधली सैल जागा) तपासा.

प्र. हात थांबल्यावर झुलतो, म्हणून डिसेल टाइम (वेग उतरायला दिलेला वेळ) 80 वरून 120 मिलिसेकंद केला. झोके उलट वाढले! ट्रेस (हालचालीचा आलेख) जोडला आहे.

उ. हळू केलंत, पण नेमक्या चुकीच्या आकड्यावर. ट्रेसमध्ये 0.4 सेकंदात 5 झोके दिसतात, म्हणजे एक झोका 80 मिलिसेकंदांचा. वेग उतरायला लागताना हाताला एक धक्का बसतो, उतरणं संपताना दुसरा. दोन्हींत पूर्ण झोक्याचं अंतर असेल तर दुसरा पहिल्याला पुसतो. दीड झोक्याचं, म्हणजे तुमचे 120, असेल तर भर घालतो. 160 करा, नाहीतर 80 वर परत या. ‘एस-कर्व्ह (प्रवेग एकदम न देता हळूहळू बदलणं) लावा, झालं’ हेही ऐकीवच: जर्क टाइमसुद्धा (प्रवेग बदलायला दिलेला वेळ) त्याच झोक्याशी जुळवावा लागतो. दुसरा उपाय इनपुट शेपिंग: हुकूम दोन निम्म्या हिश्श्यांत द्यायचा, दुसरा 40 मिलिसेकंद उशिरा. मूळ कल्पना ओ. जे. एम. स्मिथ यांची, 1957 सालची. आज ती नवी म्हणून जादा पैशांत विकतात. तुमच्या ड्राइव्हमध्ये (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) ‘व्हायब्रेशन सप्रेशन’ नावाने आधीच असू शकते, मॅन्युअल उघडा. ग्रिपरमध्ये माल असताना आणि नसताना झोका वेगळा असतो, दोन्ही मोजा. पॅरामीटर बदलण्याआधी जुने सेव्ह करा आणि ड्राइव्ह कंपनीच्या इंजिनिअरला दाखवा.

प्र. याच झोक्यावर नॉच फिल्टर (एकच कंपन गाळणारी सेटिंग) लावू का?

उ. नको. नॉच शेकडो हर्ट्‌झच्या शिट्टीसाठी. 80 मिलिसेकंदांच्या झोक्यावर, म्हणजे 12.5 हर्ट्‌झवर लावलात तर सर्व्हो लूपच (मोटरला जागेवर धरणारं नियंत्रण) डळमळेल. आणि शिट्टी ऐकू येत असेल तर मशीन आजच थांबवून माणूस बोलवा, ‘ऑर्डर संपल्यावर’ नाही.

प्र. कॅम म्हणजे फिरताना दांडा ढकलणारी चकती; पॅराबोलिक आकाराच्या कॅमचा कमाल प्रवेग सर्वांत कमी. मग जास्त आरपीएमला तोच ना?

उ. आकडा बरोबर: सायक्लॉइडल आकाराचा कमाल प्रवेगाचा गुणांक 6.28, पॅराबोलिकचा 4. पण त्यात स्ट्रोकच्या मध्यावर प्रवेग क्षणात उलटतो आणि फॉलोअर (कॅमने ढकललेला दांडा) आपटतो. मॉडिफाइड साइन, 5.53, हा सहसा मधला मार्ग. कॅम घासून आकार बदलू नका. स्ट्रोक, अंश, आरपीएम आणि फॉलोअरचं वजन घेऊन डिझायनरकडे जा.