खेळ सुटला, आता मी कोण?

हा प्रश्न मी सतत ऐकते. बँकेतून निवृत्त झालेले काका विचारतात, गुडघा गेलेली नृत्यशिक्षिका विचारते, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कबड्डीपटूची आई मुलासाठी विचारते. मी ऑस्लोत समुपदेशन करते. तिथे आलेल्या एका तरुणाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो नॉर्डिक कम्बाइन्ड खेळायचा. आधी स्की जम्पिंग, म्हणजे उतारावरून स्कीवर लांब उडी, मग त्याच दिवशी बर्फावर स्कीनं दहा किलोमीटरची क्रॉस-कंट्री शर्यत. उडीत 15 गुणांनी मागे पडलात, तर शर्यतीत एक मिनिट उशिरा सुटायचं. उडीसाठी अंग हलकं हवं आणि शर्यतीसाठी ताकद, त्यामुळे तो शाळेपासून वजनकाट्याच्या धाकात वाढला. विश्वचषकाच्या मोजक्या स्पर्धा, पदक एकही नाही आणि तिशीच्या आत निवृत्ती.

2025च्या सुरुवातीला याच खेळातला नॉर्वेचा अव्वल खेळाडू यार्ल माग्नुस रीबर यानं क्रोन्स या आतड्याच्या आजारामुळे निवृत्ती जाहीर केली. माझ्याकडचा तरुण म्हणाला, “त्यानं सगळं जिंकून सोडलं. माझी वर्षं फुकट गेली.”

“रीबरला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक कधीच मिळालं नाही. 2022ला बीजिंगमध्ये उडीनंतर पहिला होता आणि शर्यतीत चुकीच्या वळणाला गेला. मग त्याचीही फुकट गेली?”

“काहीतरीच काय! पाच वेळा विश्वचषक मालिका जिंकलाय तो.”

“म्हणजे जिंकलं तरच माणूस मोलाचा?”

तो गप्प बसला. मुद्दा पटला होता, आत उतरला नव्हता.

पुढे एकदा मी विचारलं, “उडी फसली की शर्यत सुरू होईपर्यंत काय करायचास?”

“बूट बदलायचो, थोडं खायचो, पुढे कोण किती सेकंदांनी आहे ते बघायचो.”

“आणि स्वतःला काय म्हणायचास?”

“उडी वाईट झाली.”

“मी वाईट आहे, असं?”

तो बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “नाही. तसं म्हटलं असतं तर पळताच आलं नसतं.”

मी त्याला नवीन काही शिकवलं नाही. त्याला येत असलेली गोष्ट कुठे वापरायची राहिली, ते दाखवलं. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, या विचारावर माझा सगळा भर असतो. तो माणसाच्या स्वतःच्या तोंडून निघाला की टिकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर “विसर आता” म्हणू नका. त्याला त्याच्या कामाबद्दल बारकाईनं विचारा: सराव कसा असायचा, हरल्यावर सावरायचास कसा? दुःखाला वेळ द्या. ते खऱ्या गोष्टीचं आहे. लगेच नवी नोकरी, नवं ध्येय पुढे ढकलू नका. याच खेळातला जर्मन खेळाडू एरिक फ्रेन्झेल 2023मध्ये निवृत्त होऊन जर्मन संघाचा प्रशिक्षक झाला. प्रत्येकाला खेळातच राहायचं नसतं. हा मुलगा फिजिओथेरपी शिकतो आहे आणि उड्यांच्या स्पर्धा अजून बघत नाही. मी आग्रह करत नाही.

आणि वजनाचा धाक खेळाबरोबर आपोआप जात नाही. जेवण टाळणं, वारंवार काट्यावर उभं राहणं, झोप उडणं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं दिसलं, तर आमच्याकडे येईपर्यंत थांबू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.